आज जे उनं ते

शहाद्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत पत्र्याची एक लांबट खोली होती. बाहेर पाटी होती, पण तिच्यावर खानावळीचं नाव नव्हतं, मालकाचंही नव्हतं. हिरव्या ऑइलपेंटनं एवढंच लिहिलेलं: ‘आज जे उनं ते’. म्हणजे, आज जे आलं ते. मी मूळचा सांगलीकडचा. भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून नुकताच रुजू झालो होतो आणि अहिराणीचा एक शब्द मला कळत नव्हता. आत जाऊन विचारलं, “जेवायला काय मिळेल?”

चुलीपुढं बसलेल्या उंच, हाडकुळ्या माणसानं मान वर केली. अंगात बंडी, कमरेला धोतर, कानावर अर्धी ओढलेली विडी.

“पाटी वाचता येस ना तुमले?”

“वाचली. पण आज काय आलंय?”

हा प्रश्न त्यांना आवडला असावा. त्यांनी पाट पुढं सरकवला. “अंबाडी उनी शे. दादरनी भाकर शे. बठा.” दादर म्हणजे इकडची ज्वारी, हे मला भाकरी ताटात आल्यावर कळलं.

तिथून पुढं साडेपाच वर्षं माझं दुपारचं जेवण त्यांच्या हातचं होतं. गावात त्यांना सगळे जिभाऊ म्हणत. खानदेशात थोरल्या माणसाला मानानं असं म्हणतात, तेवढंच. पण त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हातारे गुरुजी होते, ते म्हणत, “जीभ आहे म्हणून जिभाऊ.” गुरुजींचा हा विनोद मी किमान शंभर वेळा ऐकला असेन. जिभाऊ दर वेळी तोंड फिरवून हसायचे.

जीभ होती हे मात्र खरं. एकदा मी दोन गावांच्या मोजण्या उरकून येताना दोन्हीकडून एकेक वांगं आणलं आणि न सांगता त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी दोन्ही निखाऱ्यावर भाजली, नखानं साल काढली, चिमूटभर गर जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

“हाई नदीकाठनं शे,” एकावर बोट ठेवून ते म्हणाले. “आनि हाई इहिरना पानीवर वाढेल शे. पानी खारं शे तठलं.”

दुसऱ्या गावात शेतकऱ्यानं मला विहिरीचं पाणी दिलं होतं. मी एक घोट घेऊन तांब्या खाली ठेवला होता, इतकं ते मचूळ होतं. मी हे सांगितल्यावर जिभाऊंना काहीच विशेष वाटलं नाही. ते वांग्यात दाण्याचा कूट घालायला लागले होते.

त्यांचं घर कळसाडीच्या बाजूच्या एका गावात. घरची काळी कसदार जमीन, मोठं खटलं. लहानपणी शेतात दादर, तूर, उडीद, भुईमूग, मिरची सगळं असे. पुढं भावांनी एकेक काढत सगळीकडे ऊस आणि कपाशी केली. घरच्या बांधावर कोथिंबिरीची काडी उरली नाही आणि डाळ बाजारातून पिशवीत यायला लागली, त्या वर्षी जिभाऊ घरातून निघाले. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नव्हतं. भांडण झालं नाही म्हणत. थोरल्या भावाला ते एवढंच म्हणाले होते, “ऊसनी भाजी करीसन खावाडशी का मले?” आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं शहाद्यात येऊन चूल मांडली.

सकाळी सहाला ते बाजारात जात. आडत्यांकडे नाही, गोणपाटावर चार जुड्या घेऊन बसलेल्या बायांकडे. प्रत्येकीला गाव विचारायचे. जे मिळेल त्यावर दुपारचं जेवण ठरे. पावसाळ्यात कर्टुली, तरोटा, बांबूचे कोंब. थंडीत भरीत, हरभऱ्याची भाजी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. उन्हाळ्यात टोमॅटो त्यांच्या खोलीत शिरत नसे. आंबटपणाला मोलगीच्या बाजारातून आलेलं आमचूर. मे महिना उजाडला की काही दिवस नुसते कुळीथ, डुबुकवड्या आणि वाळवलेली गवार. गिऱ्हाइकं तेव्हा हायवेवरच्या ढाब्यांकडे वळत, शेवभाजी आणि पनीर खायला. जिभाऊ रिकाम्या पाटांकडे बघत बसत, पण बटाटा आणत नसत.

“बटाटानं गाव सांग,” ते मला म्हणत, “मंग रांधस.”

त्यांच्यासोबत एकच बाई कामाला होती, सेगीबाई. मोलगीच्या वरच्या डोंगरातली, पावरा समाजाची. ऊसतोडीला गुजरातेत जायची, ते सोडून इथं भाकरी थापायला राहिली. ती फार बोलत नसे. बोललीच तर पावरी, अहिराणी आणि हिंदी यांची मिसळ. डोंगरातून मोर आणि बर्टीसारखी बारीक धान्यं, कंद, मोहाची फुलं तिच्यामुळं यायची. कंद किती पाण्यांत उकळायचा, कोणता पाला कोणत्या महिन्यानंतर खायचा नाही, हे जिभाऊ तिला विचारत. एरवी जगाला शिकवणारा हा माणूस तिच्यापुढं शाळकरी पोरासारखा उकिडवा बसे.

ताटात टाकायचं नाही, हा तिथला नियम होता. टाकलं तर दुसऱ्या दिवशी पाट नाही. एकदा जिल्ह्याचे एक मोठे साहेब चारपाच जणांना घेऊन आले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, इथं रानभाजी मिळते. फोटोबिटो काढून झाले. साहेबांनी अर्धी भाकरी ठेवून हात धुतले आणि जीपमध्ये जाऊन बसले. जिभाऊ वर्तमानपत्राच्या कागदात ती अर्धी भाकरी गुंडाळून गल्लीतून पळत गेले. साठीचा माणूस, धोतर सावरत, ओरडत: “साहेब, तुमनी भाकर ऱ्हायनी!” जीप थांबली. साहेबांनी काच खाली करून पुडी घेतली. गुरुजी उंबऱ्यात उभे राहून टाळ्या वाजवत होते.

गुरुजींबद्दल सांगायला हवं. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, एकटे. मुलगा सुरतेला. पांढरा सदरा, टोपी, आणि मी पाहिलेलं सगळ्यात सावकाश जेवण. पोट नाजूक होतं. तिखट सोसत नसे. जिभाऊ दिवसातून चार माणसांवर डाफरत, पण गुरुजींसाठी रोज एखादी सौम्य भाजी छोट्या पातेल्यात वेगळी करत. दोघं एकाच वयाचे असतील. बोलणं म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही. गुरुजी जेवून उठताना म्हणायचे, “जिभाऊ, आज चांगलं झालं होतं.” जिभाऊ म्हणायचे, “हां.” बस. इतक्या वर्षांची मैत्री तेवढ्यावर चालली होती.

मग साथीचं दुसरं वर्ष आलं. जिभाऊंना ताप भरला, दवाखान्यात न्यावं लागलं. खानावळ सव्वा महिना बंद होती. परत आले तेव्हा गालाची हाडं वर आली होती, बंडी अंगावर लोंबत होती. पण दुसऱ्या दिवशी चूल पेटली. गुरुजी आले, मी आलो. सगळ्यांना वाटलं, निभावलं.

काही दिवसांनी मला जाणवलं, जिभाऊ गावं सांगत नाहीत. पूर्वी वाढताना सुरू असायचं: ही मेथी अमक्या मळ्यातली, हा तांदूळ नवापूरकडचा. आता नुसतं वाढत. नंतर पुन्हा सांगायला लागले, पण चुकत. सेगीबाईनं स्वतःच्या घरून आणलेल्या तांदळाला ते चिंचपाड्याकडचा म्हणाले. भाकरी थापणारे तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं. मी ताटात बघितलं.

त्याच आठवड्यात मी एका दुपारी उशिरा, सगळे जेवून गेल्यावर तिथं गेलो. छत्री विसरली होती. मागच्या दारात, सावलीला, जिभाऊ पायरीवर बसले होते. पुढ्यात ताटलीभर लाल मिरच्या. नंदुरबारची मिरची, साधी नव्हे. एक उचलत होते, देठापर्यंत चावून खात होते, दुसरी उचलत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाक गळत होतं, ओठ सुजले होते. चेहरा मात्र हिशेब चुकलेल्या माणसासारखा कोरा.

मी ताटली ओढून घेतली.

“चटका लागस,” ते म्हणाले. “पन मिरचीना सवाद नही.”

“म्हणजे?”

“गूळ खादा. मीठ खादं. कारलं खादं. सगळं सारखंच.” मग म्हणाले, “माटीसारखं म्हनतू. पन माटीले भी सवाद ऱ्हास.”

मी म्हणालो, डॉक्टरला दाखवू, कित्येकांचं असं झालंय, येते परत चव. त्यांनी दाखवलं होतं. सहा महिने थांबा म्हणाले होते. यातले चार होऊन गेले होते. पुढं सहाचे दहा झाले, वर्ष झालं, आलं काही नाही.

“कोनले सांगू नको,” त्या दिवशी ते म्हणाले. “सेगीले भी नही. गुरुजीले ते अजिबात नही. उद्यापाईन अकरा वाजता येत जाय. पहिला घास तुन्हा.”

असा मी जिभाऊंची जीभ झालो. याइतकी चुकीची निवड सबंध जिल्ह्यात झाली नसती. माझं लहानपण वसतिगृहाच्या मेसमध्ये गेलं. पोट भरलं की मला जेवण आवडायचं. पहिल्या दिवशी त्यांनी पिठलं चाखायला दिलं. मी म्हणालो, “बरं आहे.”

“बरं म्हनजे काय?” ते उसळले. “मीठ कमी शे का जास्ती? लसूण कच्चा लागस का करपेल? आंबट कोठे लागस, जिभले का दातले?”

मी रोज अकराला कचेरीतून सटकायचो. ते वाटीत दोन घास देत आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना जास्त कळत असावं. हळूहळू मलाही शब्द सापडायला लागले. डाळ पातळ लागते आणि डाळ पोकळ लागते, यात फरक आहे, हे मी तिथं शिकलो. काही दिवस तर मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून एक माणूस झालो आहोत आणि तो चांगला स्वयंपाक करतो.

पण खरं सांगायचं तर मी पुष्कळदा खोटं बोलायचो. मीठ जास्त झालं असलं, तरी त्यांचा तो समोर आलेला, उत्सुक चेहरा बघून “मस्त शे” म्हणून टाकायचो. ते शब्द मी अहिराणीत म्हणायचो, म्हणजे त्यांना अजून बरं वाटायचं. गिऱ्हाइकं कमी होत गेली. जिभाऊ म्हणत, हायवेला नवीन ढाबा झालाय ना. मी म्हणे, हो, तेच.

गुरुजी मात्र रोज येत. रोज म्हणत, “जिभाऊ, आज चांगलं झालं होतं.”

तो मे महिना होता. पाऊस पडायच्या आत मोजण्या उरकायच्या म्हणून मी पहाटेच शिवारात गेलो होतो. सेगीबाई पुतणीच्या लग्नाला वर डोंगरात गेली होती, चार दिवस. बाजारात काहीच नव्हतं. जिभाऊंना एका म्हातारीकडं एकच दुधी मिळाला. सगळ्यांना पुरणार नाही म्हणून त्यांनी इतरांसाठी कुळीथ केले आणि अर्धा दुधी हरभऱ्याची डाळ घालून गुरुजींसाठी छोट्या पातेल्यात शिजवला. ऐन उन्हाळ्यात दुधी पोटाला थंड.

मी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. उन्हानं डोकं ठणकत होतं. पहिला घास घ्यायची वेळ केव्हाच टळून गेली होती. गुरुजींचं जेवण संपत आलं होतं. बसस्टँडवरचे चार ड्रायव्हर-कंडक्टर पलीकडं कुळीथ खात होते. जिभाऊंनी उरलेला दुधी माझ्या ताटात वाढला आणि पळी हातात धरूनच उभे राहिले.

“कसा शे?”

मी घास तोंडात घातला होता. तो कडू होता. कारल्यासारखा नव्हे; एखादी गोळी जिभेवर विरघळावी तसा, घशापर्यंत उतरणारा. मी गुरुजींकडं पाहिलं. त्यांच्या ताटातला दुधी संपला होता. ते बोटानं कड पुसून घेत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

ड्रायव्हर ऐकत होते. जिभाऊ वाट बघत होते.

“मस्त शे,” मी म्हणालो.

अजून एक घास मी गिळला. उरलेला भाकरीच्या तुकड्याखाली सारला आणि जिभाऊ आत वळले तेव्हा रुमालात बांधून खिशात घातला. कडू म्हणजे फक्त वाईट चव, एवढंच मला माहीत होतं. कडू दुधी विषारी असतो, हे शेतातल्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं. म्हणूनच इकडं चिरण्याआधी दुधीची चकती चाखून बघतात. जिभाऊंनीही चाखली असणार. जन्माची सवय. चाखली, काही लागलं नाही, आणि चिरला.

चार वाजता मला कचेरीत उलट्या सुरू झाल्या. मी दोन घास खाल्ले होते. गुरुजींनी वाटीभर.

शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा सलाईन चालू होतं. अंगातलं सगळं पाणी गेलेलं, उलटीतून रक्त. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, काळजीनं विचारत होत्या, “आजोबा, दिवसभरात काय काय खाल्लं, नीट आठवून सांगा.”

“घरी शिळी खिचडी होती,” गुरुजी म्हणाले. “कालची. तीच खाल्ली.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पन्नास पोरांचा वर्ग एका नजरेत गप्प करणारी ती नजर होती.

बाई गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. आयुष्यभर आमच्याशी शुद्ध पुस्तकी मराठी बोललेला माणूस त्या खाटेवर अहिराणीत बोलला.

“त्याले काही सांगू नका. तो मोडी जाई.”

“गुरुजी, तुम्हाला कळलं होतं?”

“पहिलाच घासले.”

“मग खाल्लात कशाला?”

“मन्हाकरता वेगळं पातेलं ठेवस तो. इतला जीव लाईसन आते कोन रांधस मन्हाकरता?” मग म्हणाले, “त्यानी जीभ गयी, हाई मले वरीस व्हयनं ठाऊक शे. पोरगं धडा येत नसताना येस असं दाखाडस ना, तसा तोंड करस तो.”

मी बाहेर व्हरांड्यात आलो. डॉक्टरीणबाई तिथंच होत्या. त्यांना सांगायला मला दहा पावलं चालावं लागलं असतं. मी सांगितलं नाही. पुढं कैक वर्षांनी नव्हे, त्याच महिन्यात मी दुसऱ्या एका डॉक्टरांना आडून विचारलं. ते म्हणाले, यावर वेगळा उतारा नसतो, सलाईनच देतात, वय असलं की अवघडच. म्हणजे सांगितलं असतं तरी तेच झालं असतं. हे वाक्य मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलंय. त्याचा उपयोग होत नाही.

गुरुजी तिसऱ्या दिवशी गेले.

जिभाऊ अंत्ययात्रेत सगळ्यात मागं चालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा निरोप आला, ये म्हणून. मी गेलो. सेगीबाई डोंगरातून परतली होती, चुलीशी बसली होती. चूल विझलेली. जिभाऊंच्या पुढ्यात उरलेला अर्धा दुधी होता. कापलेली कड वाळून पिवळी पडली होती. त्यांनी सुरीनं एक चकती काढली आणि माझ्यापुढं धरली.

“चाखी देख.”

सेगीबाई म्हणाली, “मी चाखला. थुंकला.” मग माझ्याकडं न बघता पुढं म्हणाली, “रोज चाखते मी. तो चिरतो, मी मागून चाखते. चार दिस नव्हते.”

म्हणजे तिलाही माहीत होतं. मी, गुरुजी आणि सेगीबाई, तिघांनाही माहीत होतं, आणि प्रत्येक जण आपल्यापुरतं सांभाळून घेत होता.

मी चकती जिभेला लावली. लावायची गरज नव्हती.

“कडू आहे,” मी म्हणालो.

“त्या दिन भी असाच व्हता?”

“हो.”

“मंग बोलना काब नही?”

ते ओरडले असते तर मला उत्तर देता आलं असतं. त्यांचा आवाज अगदी साधा होता. खरोखर माहीत नसल्यासारखा. मी म्हणालो, लोक बसले होते. मी म्हणालो, मला ठाऊक नव्हतं विषारी असतो. मग म्हणालो, तुम्हाला वाईट वाटलं असतं.

“हां,” जिभाऊ म्हणाले. “वाटतं.”

त्या दुपारी ते गुरुजींच्या घरी गेले. मी सोबत होतो. मुलगा सुरतेहून आला होता, दहाव्याच्या तयारीत, फोनवर फोन. जिभाऊ त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, तुझ्या बापाला मी कडू दुधी खाऊ घातला, मला चव कळत नाही, मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलानं फोन कानापासून थोडा दूर धरला. त्याच्या डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं होती. वाईट माणूस नव्हता.

“काका, असं मनाला लावून घेऊ नका,” तो म्हणाला. “बाबांनी स्वतः डॉक्टरांना सांगितलंय, शिळं खाल्लं म्हणून. वय झालं होतं. उलट तुम्ही होता म्हणून त्यांचं दोन वेळचं नीट चाललं होतं. तुमचे उपकार आहेत.” आणि तो जिभाऊंच्या पाया पडला.

परत येताना जिभाऊ बसस्टँडच्या कोपऱ्यावर थांबले. एक बस वळत होती, तिला जाऊ दिलं.

“त्यानी मले शिवी भी दिधी नही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून खोलीचं दार उघडं असे, पाट मांडलेले असत, माठ भरलेला असे. कुणी जेवायला आलं की जिभाऊ पाण्याचा तांब्या पुढं करत आणि म्हणत, “आज काही उनं नही.” बाजारात तेव्हा मृगाची पहिली भाजी यायला लागली होती. सेगीबाई रोज काहीतरी घेऊन येई, कोपऱ्यात ठेवी, संध्याकाळी कोमेजलेलं परत नेई. असे बारा-तेरा दिवस गेले. एके सकाळी ती आली तेव्हा दाराला कुलूप होतं. पुतण्या येऊन जिभाऊंना घरी घेऊन गेला होता. ती तशीच स्टँडवर गेली आणि वरच्या डोंगराच्या जीपमध्ये बसली. मला पुन्हा दिसली नाही.

माझी बदली झाली. दोन वर्षं मी शहाद्याकडं फिरकलो नाही. मग एका जुन्या मोजणीच्या दाव्यात साक्षीला यावं लागलं. काम बारा वाजता संपलं. मी रिक्षा करून कळसाडीच्या रस्त्याला लागलो.

घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. जिभाऊ ओसरीत खाटेवर होते. अंग भरलं होतं थोडं, दाढी नीट केलेली. मला बघून उठले, हात हातात धरला. पुतण्या भला माणूस होता, जेवल्याशिवाय जाऊ देईना. त्याची बायको कडेवर तान्हं पोर घेऊन वाढत होती. डाळ, भात, बटाट्याची भाजी, पोळी. जिभाऊ माझ्या शेजारी पाटावर बसले. समोर आलेलं सगळं, बटाट्यासकट, ते खात होते. एका लयीत, न थांबता, काम उरकावं तसं.

मी डाळभाताचा घास घेतला. डाळीत मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. पुतण्यानं न बघता हात लांब करून मिठाची वाटी घेतली, आपल्या भातावर चिमूट टाकली आणि वाटी माझ्याकडं सरकवली. मीही घेतलं. वाटी माझ्यापाशीच थांबली. ती पुढं जिभाऊंकडं जायची असते, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात नव्हतं.

पोर रडायला लागलं, ती आत गेली. पुतण्या मोटर बघायला उठला. आम्ही दोघंच उरलो.

“जिभाऊ,” मी म्हणालो, “डाळीत मीठ नाही.”

त्यांचा हात क्षणभर थांबला.

“ठाऊक शे,” ते म्हणाले. “सगळा वरथीन लेतस, मी देखस ना. दर दोन-तीन दिनले इसरस ती. कडेवर पोर, धाकलं माणूस, ध्यान कोठे ऱ्हाई?” मग आवाज अजून खाली आणून म्हणाले, “तू तिले बोलू नको. वाईट वाटी तिले.”

मी मिठाची वाटी उचलली आणि त्यांच्या ताटाकडं सरकवली. त्यांनी डाव्या हातानं ती हळूच परत माझ्याकडं लोटली.

“ऱ्हाऊ दे, भो,” ते म्हणाले. “वाया जाई.”